खारपाणपट्ट्यातली जुनी बोलेरो आणि कूलंट फिल्टर: माझा अनुभव

आमची बोलेरो 2003 ची, डिझेल. घेतली ती दर्यापूरकडच्या ओळखीतून, म्हणजे थेट खारपाणपट्ट्यातून, जिथं जमिनीखालचं पाणीच खारट. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या काठानं हा पट्टा पसरलाय. इथल्या बोअरचं पाणी जनावरंसुद्धा नाखुशीनं पितात आणि तेच पाणी वर्षानुवर्षं या गाडीच्या रेडिएटरमध्ये पडत आलं होतं. सपाटीवर गाडी बरी चालायची. पण मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागली की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा.

गावातल्या मिस्त्रीकाकांचा पहिला सल्ला ठरलेला: "भाऊ, थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी थंड राहीन." आमच्याकडे निम्म्या जुन्या गाड्या अशाच थर्मोस्टॅटविना फिरतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह. तो काढणं मला पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडीत तापायला फार वेळ घेतं, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून काकांना म्हटलं, आधी रेडिएटर पाहू.

गाडी तापवून बंद केली आणि पंख्यापासून हात जपून जाळीवर ठिकठिकाणी तळवा लावून पाहिला. वरचा भाग चटका देणारा, खाली एका कोपऱ्यात मात्र जाळी जेमतेम कोमट. याचा अर्थ तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं. रेडिएटर उतरवून परतवाड्याला नेला. वरची टाकी उकलल्यावर नळ्यांची तोंडं दिसली; कित्येक तोंडांवर पांढरट खपली बसून पेन्सिलीचं टोकही आत जाईना. रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून खपली काढणं, करून घेतलं. इंजिनच्या ब्लॉकमधून उलट्या दिशेनं पाण्याची धार सोडली, तर चहासारखं तांबडं पाणी किती तरी वेळ येत राहिलं.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, गाळणाऱ्या फिल्टरचं नाव काढलं ते ट्रक चालवणाऱ्या मावसभावानं. मोठ्या डिझेल ट्रकांच्या इंजिनांत वेट लायनर असतात, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या लोखंडी नळीच्या (लायनरच्या) बाहेरून थेट पाणी खेळतं. लायनर थरथरतो तसे त्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला बारीक खड्डे पडतात. ते टाळायला अशा इंजिनांच्या कूलंट फिल्टरमध्ये बरेचदा रसायन भरलेलं असतं, आणि ते हळूहळू कूलंटमध्ये मिसळतं. आपल्या गाडीला हा रसायनवाला फिल्टर लावू नये. चांगल्या कूलंटमध्ये गंजरोधक आधीच असतं, त्यात आणखी भर घातली की प्रमाण बिघडतं. मी अमरावतीच्या ट्रक स्पेअर्सच्या दुकानातून मुद्दाम साधा, नुसत्या कागदाचा फिल्टर मागून घेतला.

तो बसवायचा कुठे, यावर आमची बरीच चर्चा झाली. काका म्हणत होते, वरच्या मोठ्या पाइपातच जाळी टाकू. ते मी होऊ दिलं नाही. तिथून इंजिनचं सगळं पाणी जातं. जाळी गाळानं भरली तर घाटातच इंजिन उकळायचं. फिल्टर बायपासमध्येच हवा, म्हणजे थोडंसं पाणी त्यातून जाईल आणि तो तुंबला तरी मुख्य प्रवाह चालू राहील. आम्ही हीटरच्या पाइपांतून दोन फाटे काढले. यात एक गोष्ट सहज निसटते. आपल्याकडे हीटरचा कॉक बाराही महिने बंद. फाटा कॉकच्या पुढे काढला तर फिल्टरला पाणीच मिळत नाही, म्हणून तो कॉकच्या अलीकडे घ्यावा लागतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना छोटे कॉक लावले, म्हणजे बदलताना सगळं कूलंट सांडत नाही. पाइप गरम कूलंटसाठीचा रबरीच घेतला. शेतातल्या ठिबकचा तुकडा लावून भागवणारे पाहिलेत, तो उष्णतेनं मऊ पडून सुटतो.

मग तयार कूलंट भरलं. वर टाकायची वेळ आली तर फक्त तेच कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी एक थेंबही नाही.

काही आठवड्यांनी पहिला फिल्टर काढून छिन्नीनं कापला. कागदाच्या घड्यांत बोटाला खरखरीत लागणारा गाळ बसला होता. चुंबक फिरवला तर काळपट गंज चिकटला, तांबडा फारसा नाही. उरलेल्या पांढऱ्या कणांवर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला: क्षारच. हाच गाळ वॉटर पंपाच्या सीलला घासतो आणि रॉडिंग केलेल्या नळ्यांत पुन्हा जाऊन बसतो. पुढच्या फिल्टरमध्ये गाळ बराच कमी निघाला, आणि त्यानंतरचा जवळजवळ स्वच्छ.

घाटात आता काटा मध्यावर राहतो. पण त्याचं श्रेय मी फिल्टरला देत नाही. गाडी थंड झाली ती रॉडिंगनं आणि पाणी बदलल्यानं. फिल्टर तरंगता गाळ धरतो. पाण्यात विरघळलेलं मीठ आणि क्षार कागदातून आरपार जातात. खारं पाणी ओतत राहायचं आणि फिल्टरवर भरवसा ठेवायचा, तर पैसे वाया. ज्या गाडीत पहिल्यापासून चांगलं कूलंट आहे, तिला याची गरजच नाही. पण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलेलं इंजिन असेल, तर धुऊन काढल्यानंतर कानाकोपऱ्यांतून सुटत राहणारा गाळ पकडायला तो खरंच कामाचा आहे. नव्या रेडिएटरपेक्षा खर्चही कितीतरी कमी. आमचा मी तसाच ठेवलाय, पावसाळ्यानंतर एकदा बदलतो.

आणि काढलेलं जुनं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं, शेळ्या-कुत्री चाटतात, आणि त्यातलं ग्लायकॉल त्यांची किडनी निकामी करतं. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून परतवाड्याच्या गॅरेजला देऊन टाकलं.