पांढरं राहिलेलं बेट

"मॅडम, या स्लाइडवर मधेच स्टेन आलेला नाही. परत लावू का?"

पी53 हे प्रथिन दाखवणाऱ्या स्टेनची स्लाइड ट्रेमध्ये ठेवत आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या टेक्निशियनने विचारलं. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं: तपकिरी ठिपक्यांच्या पसाऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा कोरा होता. मी म्हटलं, "लाव परत. पण ही टाकू नकोस."

गाठ टाचेच्या कडेवरची. साठी उलटलेल्या, शेतात राबणाऱ्या बाई. दहा-बारा वर्षं कुरूप समजून ब्लेडने तासत आलेल्या. अलीकडे चप्पल घासून रक्त यायला लागलं, गाठही वाढली, तेव्हा कुठे ती काढली गेली. सकाळीच सर्जनचा फोन येऊन गेला होता. आम्ही एका वर्गातले. "साधी की घातक, एवढंच सांग गं. घातक असेल तर पुन्हा उघडून रुंद काढावं लागेल, जांघेतल्या गाठीही बघाव्या लागतील. टाच आहे, उगाच कापायची नाही मला."

निदान पोरोमाचं होतं, त्यात शंका नव्हती. घामाच्या नळीशी नातं सांगणारी, सहसा साधीच असणारी ही गाठ 1956 साली पहिल्यांदा वर्णन केली गेली, आणि तळपाय ही तिची नेहमीची जागा. एकसारख्या लहान पेशींचे पट्टे, त्यांच्यात ईएमए नावाच्या स्टेनने उठून दिसणाऱ्या इवल्या नळ्या, सगळं जागच्या जागी होतं. अडत होतं ते वरच्या जखमेपाशी. तिथे पेशींचं विभाजन वाढलेलं दिसत होतं. पण जखम भरताना साध्या पेशीही तशाच वागतात.

म्हणून की-67 लावलं होतं. विभाजनाच्या तयारीतल्या पेशींची केंद्रकं त्याने तपकिरी होतात. (हे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आणि ते तयार करताना वापरलेल्या प्लेटच्या 67व्या खणावरून पडलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.) फोटो छापून बॉलपेनने एकेक केंद्रक टिकमार्क करत मोजलं. जखमेखाली 100मध्ये 20च्या आसपास, बाकी ठिकाणी 4-5. घामग्रंथींच्या सगळ्या गाठींना लागू पडेल असा एकच आकडा नाही, की त्याच्या वर गेलं म्हणजे घातक. जखमेतल्या त्या 20वर मी कुणाची टाच कापायला सांगणार नव्हते.

दुपारी पी53ची दुसरी स्लाइड आली. कोरा तुकडा त्याच जागी, त्याच आकाराचा.

आता मी तिथे मोठ्या लेन्सखाली गेले. त्या कोऱ्या भागात एक केशवाहिनी होती, आणि तिच्या भिंतीतल्या पेशींवर फिकट तपकिरी छटा होती. शेजारच्या दोन-चार लिम्फोसाइट्सवर, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींवरही. म्हणजे स्टेन तिथपर्यंत पोचला होता. गाठीच्या पेशींत त्याला धरायला प्रथिनच नव्हतं. पी53 पेशींच्या वाढीला लगाम घालतं; त्याचं जनुक बिघडलं की दोन गोष्टी होऊ शकतात: सदोष प्रथिन साचून सगळी केंद्रकं गडद होतात, नाहीतर प्रथिन बनतच नाही आणि सगळं कोरं राहतं. निरोगी जनुक असलं की मधलं चित्र दिसतं, काही पेशी फिकट, काही ठळक. सभोवती तसंच होतं.

की-67ची स्लाइड शेजारी लावली. मोजणी मी मुख्यतः जखमेकडे केली होती; हा कोपरा खाली, जखमेपासून लांब. तिथे 100मध्ये 40च्या घरात. छातीत धस्स झालं. साध्या स्टेनच्या स्लाइडवर काचेच्या पाठीला पेनने गोल केला आणि मेणात बसवलेला गाठीचा ब्लॉक आणखी खोल कापायला दिला.

दुसऱ्या दिवशी चार नवे काप आले. तिसऱ्यात गाठीची गुळगुळीत कडा फुटलेली होती. टोकदार पुंजके तंतूंमध्ये घुसले होते, एक तर बारीक चेतातंतूला वेढून बसला होता. कर्करोग ठरवला तो या घुसण्याने. पण तिथे बघायला मला पाठवलं त्या कोऱ्या तुकड्याने. "पोरोमातून उद्भवलेला पोरोकार्सिनोमा," असं लिहून सही केली आणि फोन लावला.

पुढच्या आठवड्यात बाई मुलाबरोबर स्वतः लॅबमध्ये आल्या. "कुरूपच होतं ना ते?" मी त्यांना दोन जणांना बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर बसवलं. बराच वेळ त्या डोळा लावून होत्या.

"हे मधलं पांढरं, तेच का?"

"हो मावशी, तेच."

"मग तेवढं नीट काढायला सांगा त्यांना. पेरणी तोंडावर आलीय."