वाटी रिकामी होत होती

"डॉक्टर, बोक्याने हिची पाठ मोडली," असं दारातूनच सांगत तो मुलगा आत आला. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली भिंगरी, दीड वर्षाची फेरेट. मागोमाग त्याची आई. सकाळी तो उठून बाहेर आला तेव्हा भिंगरी सोफ्याजवळ आडवी पडली होती आणि घरातला तरुण बोका ठिपक्या तिच्या मानेवर पंजा ठेवून उभा होता. उचलायला गेल्यावर ती किंचाळली, खाली ठेवल्यावर मागचे पाय फरफटायला लागली. ठिपक्याला त्याने तिथल्या तिथे बाथरूममध्ये कोंडलं होतं. एवढंच नाही, तर संध्याकाळी बोक्याला घेऊन जायला ओळखीतलं कोणी येणार, हेही ठरवून झालं होतं. आई काही बोलत नव्हती, पण हा निर्णय तिच्या गळी उतरलेला नाही हे कळत होतं.

फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याचं माणसाळलेलं रूप. सशांना बिळाबाहेर काढण्यासाठी माणसाने त्याला दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी जवळ केलं. लांबुळकं अंग, आखूड पाय, मादी पाऊण किलोच्या आसपास, नर त्याच्या जवळपास दुप्पट. खाणं निव्वळ मांसाहारी. मोठं मांजर आणि फेरेट यांचं एका घरात बहुतेक वेळा छान जमतं, हे मी खात्रीने सांगते. फेरेट खेळताना दुसऱ्याची मान धरतो, ओढत नेतो, पाठीची कमान करून वेड्यावाकड्या उड्या मारतो, आणि हे सगळं करताना गळ्यातून कुकुक असा आवाज काढतो. बघणाऱ्याला भांडण वाटतं. मांजराला ते खेळणं आहे हे काही दिवसांत उमगतं, नको झालं की ते उंचावर जाऊन बसतं. मांजराची लहान पिल्लं मात्र फेरेटच्या जवळपासही असू नयेत. त्याच्यातली शिकारीची खोड गेलेली नाही.

त्यामुळे बोक्याने चावा घेतला असं कोणी सांगितलं तर मी ते उडवून लावत नाही. मांजराचा सुळा बारीक असतो आणि खोल जातो. वरची कातडी लगेच मिटते, आत घाण राहते, दोन-तीन दिवसांत गळू होतं. अशी जखम केसांत दडून बसते. म्हणून मानेपासून शेपटीपर्यंत केस उलटे करत सगळं अंग बोटांनी चाचपलं. दाताची एकही खूण नाही. नाकावर एक ओरखडा होता, पण त्यावर खपली धरलेली, म्हणजे आजचा नव्हेच.

मग मागच्या पायाचं बोट चिमटीत धरून दाबलं. तिने पाय ओढून घेतला आणि मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या पायाचंही तेच. मणका शाबूत होता. फेरेटच्या अंगातली ताकद कुठल्याही कारणाने गेली तरी आधी मागचे पायच लटपटतात, आणि घरच्यांना ती पाठीची दुखापत वाटते. ताप पाहिला तर ३६.९ अंश सेल्सिअस. फेरेटचं अंग एरवी ३८-३९च्या घरात असतं. चाव्याचा संसर्ग असता तर ताप वर गेलेला दिसला असता, इथे अंग गार पडत चाललं होतं.

आणि तिचं दात खाणं. कान जवळ नेला तरच ऐकू येईल असा बारीक करकर आवाज, थांबून थांबून. मधूनच पुढच्या पंजाने ती तोंड ओरबाडत होती, हनुवटीखालचे केस लाळेने ओले झाले होते. फेरेटमध्ये अशा तोंड ओरबाडण्याची दोन कारणं माझ्या डोक्यात लगेच येतात: मळमळ, नाहीतर रक्तातली साखर उतरणं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ हा फेरेटमधला नेहमीचा आजार आहे. त्यात साखर ६०च्याही खाली जाते, मागचे पाय जातात, नजर शून्यात लागते. पण तो फेरेटच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरचा आजार. भिंगरीचं वय त्यात बसत नव्हतं, तरी थेंबभर रक्त घेऊन पाहिलं. ८४. उपाशी जनावराची असते तशी, किंचित कमी.

उपाशी हा शब्द मनात आला आणि मी विचारलं, "खाणं कसं आहे?"

"एकदम व्यवस्थित," मुलगा म्हणाला. "वाटी रोज साफ असते."

"तिला खाताना तुम्ही पाहिलंत?"

तो बोलायचा थांबला. आई पहिल्यांदाच बोलली. "अहो डॉक्टर, ठिपक्या हल्ली फार सुटलाय. मी कालच म्हणत होते."

भिंगरीला वजनकाट्यावर ठेवलं. मागच्या लसीच्या वेळी ७८० ग्रॅम, आज ६१०. मुलाचंही बरोबर होतं, वजन उतरलेलं त्याला जाणवलं होतं, पण फेरेटचं वजन ऋतूप्रमाणे वरखाली होतं हे त्याने वाचलं होतं आणि ते खरंच आहे. थंडीत भरतात, उन्हाळ्यात उतरतात. ती झोपून असते हेही त्याने पाहिलं होतं, पण फेरेट दिवसातले १४ ते १८ तास झोपतोच, आणि झोपतो तोही इतका गाढ की नवखा मालक घाबरून हलवून बघतो. मलमूत्राचा ट्रे तिघांचा मिळून एक होता, भिंगरी, ठिपक्या आणि म्हातारी मनी. त्यात रोज विष्ठा असायची. कोणाची, हे कोण बघणार? एकटी असती तर दुसऱ्या दिवशी भरलेली वाटी आणि कोरडा ट्रे पाहून कोणीही तिला माझ्याकडे आणलं असतं. या घरात तिची वाटी दुसरा रिकामी करत होता आणि तिचा ट्रे दुसरे दोघं भरत होते.

पोटावर हात ठेवला तेव्हा ती सकाळसारखीच किंचाळली. जठर वाऱ्याने फुगलं होतं आणि त्याच्या खाली, उजव्या अंगाला, बोरभर आकाराचं काहीतरी टणक हाताला लागत होतं. एक्स-रेत फुगलेलं जठर आणि फुगलेली आतड्याची वेटोळी दिसली, ती टणक वस्तू दिसली नाही. रबर आणि फोम एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत. सोनोग्राफीत दिसली.

तरुण फेरेटला रबराचं वेड असतं. चपलेचा तळ, रिमोटची बटणं, खोडरबर, इअरफोनची मऊ टोकं, जे चावलं की दबतं ते तो तोडतो आणि गिळतो. कुत्र्या-मांजराचं आतडं अडलं तर ते भडाभडा ओकतं, घरात सगळ्यांना कळतं. फेरेट पुष्कळदा ओकत नाही. गप्प होतो, दात खातो, कोपऱ्यात पडून राहतो.

शस्त्रक्रिया त्याच दिवशी करायची होती, पण गार पडलेल्या, सुकलेल्या जनावराला तशीच भूल दिली तर ते टेबलावर जातं. आधी ऊब, सलाईन, वेदनाशामक. पुढच्या पायाची शीर इतकी बसली होती की सुई घालायला मला वेळ लागला. याच वेळी माझ्या मदतनिसाला मी बाहेर बसायला सांगितलं, कारण तिला सर्दी-खोकला होता. माणसाचा फ्लू फेरेटला सहज होतो. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसातल्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती धरला तो रुग्णांच्या घशातला स्राव फेरेटला देऊनच. ज्यांच्या घरी फेरेट आहे त्यांनी स्वतःला सर्दी असताना त्याला तोंडाजवळ घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगते.

दुपारी पोट उघडलं. अडथळ्याच्या अलीकडचं आतडं फुगून गडद लाल झालेलं, पलीकडचं रिकामं, फिकट, चपटं. मधे तो टणक गोळा. आतड्याचा रंग अजून काळा पडला नव्हता, एवढ्यावर मला बरं वाटलं. ते कापून काढावं लागलं असतं तर एवढ्याशा अंगाला जड गेलं असतं. गोळ्याच्या पलीकडच्या निरोगी भागावर लहानशी चीर दिली आणि चिमट्याने गोळा हळूहळू पुढे घेतला. बाहेर आला तो फोमच्या चेंडूचा चावलेला तुकडा, पित्ताने हिरवट झालेला, एका कडेला मूळचा नारिंगी रंग शिल्लक. भोवती मांजराचे केस गुंडाळलेले. केसाहून थोड्याच जाड दोऱ्याने चीर शिवली, आत सलाईन भरून कुठून झिरपत नाही ना ते पाहिलं, पोट बंद केलं.

तुकडा धुऊन बाहेर नेऊन दाखवला. आईने तो लगेच ओळखला. "हा ठिपक्याचा चेंडू."

मांजर असला चेंडू नखांनी ओरबाडतं, उडवतं, कंटाळून सोडून देतं. सैल झालेला तुकडा सोफ्याखाली जातो, आणि सोफ्याखाली भिंगरीचं राज्य. फेरेट सापडेल ते ओढून नेऊन साठवतोच. ठिपक्याचा यात काही दोष असेल तर एवढाच की त्याने चेंडू फाडला आणि समोर दिसलेलं खाल्लं. रोज अंगावर उड्या मारणारी सोबतीण हलेना म्हणून तो तिला सकाळी पंजाने डिवचत असावा, असं मला वाटतं. किंचाळी आली ती पोटात दुखत होतं म्हणून.

मुलगा उठून बाहेर गेला आणि फोन करून त्या ओळखीच्या गृहस्थांना येऊ नका म्हणून सांगून आला. परत येऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, की बाथरूममध्ये ठिपक्याला सकाळपासून पाणी ठेवलेलं नाही, त्याचं काही होईल का. काही होणार नाही, पण आत्ता घरी जा, असं मी म्हणाले. भिंगरीजवळ मी होतेच.

फेरेटला शस्त्रक्रियेनंतर फार वेळ उपाशी ठेवता येत नाही, त्याच्या आतड्यातून अन्न तीन-चार तासांत पार होतं. रात्री पातळ केलेलं मांसाचं खाणं बोटावर घेऊन तिच्या तोंडाशी धरलं. दोनदा तिने तोंड फिरवलं, तिसऱ्यांदा चाटलं. पहाटे ट्रेच्या कोपऱ्यात पाठ लावून तिने विष्ठा केली. आतडं चालू झालं याची याहून मोठी खात्री नसते. दात खाणं तेव्हा थांबलेलं होतं.

टाके बघायला बोलावलं तेव्हा मी तिघांनाही आणायला सांगितलं. एका घरात राहणारी जनावरं मी एकत्रच तपासते, एकाच्या आजाराचा धागा पुष्कळदा दुसऱ्याकडे सापडतो. भिंगरी ७०० ग्रॅमवर आली होती. ठिपक्या लसीच्या वेळेपेक्षा ४०० ग्रॅम जास्त भरला. घरातली व्यवस्था त्यांनी बदलली होती. मांजरांचं खाणं उंच फळीवर, भिंगरीचं तिच्या पिंजऱ्यात दार लावून, आणि वाटीत किती उरलं ते बघूनच दार उघडायचं. भिंगरीचा ट्रे वेगळा, त्यात मांजरांसाठीची, ओली झाली की गोळा होणारी माती न घालता कागदाच्या गोळ्या, कारण फेरेट ट्रेमध्ये नाक खुपसून उकरतो आणि ती बारीक धूळ नाकात जाते. फोमचे चेंडू सगळे गेले. दर आठवड्याचं वजन आई एका वहीत लिहीत होती, तिघांचंही.

भिंगरीच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट घाण दिसली म्हणून ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कानातले माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, मांजर आणि फेरेट दोघांनाही होणारी तीच जात. ठिपक्याच्या कानात तेच निघालं, मनीच्याही. एकाला औषध घालून दुसऱ्याला सोडलं तर ते किडे महिन्याभरात परत येतात, म्हणून तिघांच्या मानेवर एकाच दिवशी औषध घातलं. घरात उरलेलं कुत्र्याचं पिसवांचं औषध चालेल का, असं मुलाने विचारलं. ते परमेथ्रिनचं होतं, जे मांजराच्या जिवावर बेततं. बाटली माझ्याकडेच ठेवून घेतली आणि पुढच्या महिन्यात तिघांना पुन्हा घेऊन या म्हणून सांगितलं.