डिझाइन येत होतं, त्याबद्दल बोलता येत नव्हतं

सध्या तीन आठवडे बडोद्यात आहे. दांडिया बाजारातल्या घरी हिंचक्यावर बसून टाइप करतेय आणि समोर भाचा लॅपटॉप घेऊन बसलाय. तो फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यालाही पुढे कॅनडाला यायचंय. काल रात्री जेवताना त्याने विचारलं, मावशी, तुझं ग्राफिक डिझाइनचं काम तर चांगलं होतं, मग तिकडे पहिली नोकरी लागायला इतके दिवस का लागले? मला पटकन काही सांगता आलं नाही, आणि हाच प्रश्न मला बरीच मुलं मेसेज करून विचारतात, म्हणून आज नीटच लिहिते.

मी २०१५ च्या जानेवारीत टोरंटोला उतरले, पीआर म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी हातात होती आणि नऊ वर्षांचं काम पाठीशी होतं. आधी रावपुऱ्यातल्या एका प्रेसमध्ये, मग घरूनच. लग्नपत्रिका, फरसाणाची पाकिटं, औषधांची कार्टन, गणपती मंडळांची पत्रकं, सगळं केलेलं. सगळं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण आपल्याकडे प्रेसवाल्याला कोरलचीच फाइल लागते. आणि गंमत बघा, कोरलड्रॉ मुळात कॅनडाचंच, १९८९ मध्ये ओटावातल्या कंपनीने काढलेलं, पण मी जिथे जिथे गेले तिथल्या एकाही स्टुडिओत ते नव्हतं, सगळीकडे इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन. ते मात्र दोन-तीन महिन्यांत जमलं. सॉफ्टवेअर हा खरा प्रश्न कधीच नसतो हो, हात बसला की बसला.

खरं अडलं ते आधी अगदी साध्या गोष्टींवर. माझा रेझ्युमे मी ए-फोरवर केला होता, वर फोटो, जन्मतारीख, विवाहित, सगळं आपल्या बायोडेटासारखं, आणि फोन नंबर अगदी तळाला बारीक अक्षरात, कारण तो तिथे छान दिसत होता. तिकडे रेझ्युमेवर फोटो, वय, लग्न यातलं काही टाकायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि तिकडचा कागद ए-फोर नाही, लेटर साइझ, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. ए-फोर त्यापेक्षा १८ मिलिमीटर उंच. एका बाईंनी माझ्यासमोर तो प्रिंट काढला तेव्हा मी बघितलं, खालची ओळच आली नव्हती. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, यावर तुमचा नंबर कुठे आहे? घरी येऊन खूप रडले त्या दिवशी. किती ठिकाणी असा पाठवला होता कोण जाणे.

मग टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये एका झेरॉक्स-प्रिंटिंगच्या दुकानात काउंटरवर लागले, ताशी पगारावर. लोक याला नाइलाजाचं काम म्हणतात पण मी तिथे जे शिकले ते कुठल्या कोर्समध्ये शिकले नसते. तिकडे कागद जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, असा नाही, पाउंडात मागतात, आणि ८० पाउंड म्हटलं की आधी विचारावं लागतं की टेक्स्ट म्हणजे आतल्या पानांचा, का कव्हर म्हणजे जाड, कारण ८० पाउंड टेक्स्ट म्हणजे साधारण ११८ जीएसएम आणि ८० पाउंड कव्हर म्हणजे साधारण २१६, जवळजवळ दुप्पट. ब्लीड, म्हणजे कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई, आपल्याकडे ३ मिलिमीटर, तिकडे एक अष्टमांश इंच. हे सगळं माझ्या बोटांत बसलं ते त्या काउंटरवर उभं राहून.

इंटरव्ह्यूला गेलं की एकच वाक्य ऐकायचं, तुम्हाला कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही. टोरंटो ज्यात येतं त्या ओंटारिओ प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच धोरण काढून सांगितलं होतं की अशी अट घालणं सकृद्दर्शनी भेदभाव आहे, तरी माझ्या वेळेला ती अट सर्रास ऐकू यायची. आता तर तिथे कायदाच झालाय, १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना नोकरीच्या जाहिरातीत ही अट टाकता येत नाही. फार बरं झालं, आणि उशिरा झालं.

पण एका इंटरव्ह्यूत जे झालं त्यात चूक त्यांची नव्हती, आणि तेच मला भाच्याला सांगायचं होतं. एका पॅकेजिंग स्टुडिओत मी माझी सगळ्यात आवडती पाकिटं दाखवली, बडोद्याच्या एका फरसाणवाल्याची, पिवळी, नारिंगी, हिरवी. समोरच्याने विचारलं, हा पिवळा का? मी म्हटलं, क्लायंटला आवडला. त्याने मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. तिथेच संपलं ते.

आता खरं काय होतं सांगते. आपल्याकडे क्लायंट शेजारी स्टूल टाकून बसतो, चहा येतो, आणि तो स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतो, बेन, लोगो जरा मोटो करो ने. आपण करतो. आपण का ते बोलतच नाही, कारण दोघांनाही दुकान, गल्ली, गिऱ्हाईक सगळं माहीत असतं. ती पाकिटं किराणा दुकानात दोरीला टांगलेली असायची, ट्यूबलाइटच्या खाली, आणि दुकानात येणाऱ्या कितीतरी आज्या वाचायच्या नाहीत, त्या रंगावरून मागायच्या, पिवळी दे म्हणजे शेव, हिरवी दे म्हणजे पापडी. मी तीन पिवळे छापून त्या दुकानात जाऊन टांगून बघितले होते, एक ट्यूबलाइटमध्ये पांढरट पडत होता, एक जवळजवळ नारिंगीच दिसत होता, म्हणून तो तिसरा घेतला. हे सगळं मी केलं होतं! आणि इंटरव्ह्यूत मी म्हटलं, क्लायंटला आवडला.

त्या रात्री बेसमेंटमध्ये बसून मी हे सगळं वहीत लिहून काढलं, आधी मराठीतच, कारण इंग्रजीत मला फक्त क्लीन आणि मॉडर्न एवढंच सुचत होतं. मग पोर्टफोलिओमधली चौतीस कामं काढून आठ ठेवली, आणि प्रत्येकाबरोबर लिहिलं की हे कोणासाठी, अडचण काय, काय करून बघितलं, काय टाकून दिलं आणि का. पुढच्याच महिन्यात नोकरी लागली. मला ब्रॅम्प्टनला येऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

त्याच सुमारास लायब्ररीत कॅनडाच्या डिझाइनवरची पुस्तकं चाळायचे. सीबीसी या तिकडच्या सरकारी रेडिओ-टीव्हीचा १९७४ चा लोगो करणारा बर्टन क्रेमर न्यूयॉर्कचा, मॉन्ट्रियलमध्ये काम करणारा रॉल्फ हार्डर हॅम्बर्गचा. म्हणजे ज्याला तिकडचं डिझाइन म्हणतात ते बरंचसं बाहेरून आलेल्यांनीच केलंय. मला त्या दिवसांत याचा खूप आधार वाटला.

नोकरीत पहिलं काम खाण्याच्या पाकिटांचंच आलं, पण तिकडे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही लागतं. बेस्ट बिफोर आलं की शेजारी मेय्यर आवाँ आलंच. फ्रेंच मजकूर इंग्रजीपेक्षा हमखास लांब होतो, त्यामुळे मी आधी फ्रेंच बसवायला लागले आणि मग इंग्रजी. बडोद्यात एकाच पत्रिकेत मराठी आणि गुजराती बसवायची सवय होती ना, वरपक्ष मराठी वधूपक्ष गुजराती, कोणाचीच अक्षरं लहान दिसून चालत नाहीत. तीच सवय.

आणि एकदा ज्येष्ठ लोकांच्या लसीकरणाचं गुजराती पत्रक छपाईला चाललं होतं, दुसऱ्या टीमचं. मी सहज डोकावले तर दिवस या शब्दातली पहिली वेलांटी द च्या आधी नाही, मागे पडलेली, जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली. तिथे कोणालाच वाचता येत नव्हतं त्यामुळे सगळ्यांना ते सुंदरच दिसत होतं. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे अशा लिप्या नीट जुळवणारी सेटिंग, लावला नाही की आपल्या लिप्यांचं असं होतं. मी थांबवलं, दुरुस्त केलं, आणि कसलीही घाई न करता आर्ट डायरेक्टरला कागदावर लिहून दाखवलं की ही मात्रा उच्चारात नंतर येते पण लिहायची आधी. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही मला. तेव्हापासून आपल्याकडच्या भाषांचं काम आधी माझ्या टेबलावर येतं.

एक गोष्ट राहिली. नवीन माणूस दिसला की काही जण टेस्ट म्हणून फुकट लोगो करून मागतात. मी दोनदा केले, दोन्ही वेळा पुढे उत्तरसुद्धा आलं नाही. करू नका. आरजीडी म्हणून तिकडची नोंदणीकृत डिझायनर लोकांची संस्था आहे, १९९६ च्या ओंटारिओच्या कायद्याने उभी राहिलेली, तीसुद्धा असं फुकटचं काम करू नका म्हणूनच सांगते.

असो. भाच्याचा प्रोजेक्ट कमाटीबागेतल्या झूच्या पाट्यांचा आहे, गुजराती, हिंदी, इंग्रजी, रंग फार देखणे घेतलेत त्याने. मी विचारलं, बाण एवढ्या उंचीवर का? तो म्हणाला, तिथे छान दिसतो. मग स्वतःच गप्प झाला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, मावशी, लहान पोरं कुठे बघतात ते मी बघितलंच नाहीये. उद्या सकाळी आम्ही दोघं मोजपट्टी घेऊन कमाटीबागेत चाललोय, गर्दी व्हायच्या आत.