मामांच्या फाटकाबाहेर काढलेले बूट

मागच्या जानेवारीतली गोष्ट. पहाटे नांदूरमधमेश्वरला गेलेले, चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी बघून झाले आणि म्हटलं एवढं निफाडकडे आलोच आहोत तर मामांकडे चहा पिऊन मग नाशिकला जाऊ. तर मामा पोल्ट्रीच्या फाटकातूनच ओरडले, "बाई, तिथंच थांब! तळ्यावरून आलीस ना? बूट काढ आधी, आत येऊ नको, बर्ड फ्लू येतो त्यातून."

खरं सांगते, राग आला मला. याच शेडमध्ये तुसात बसून मी लहानपणी पिल्लांशी खेळलेय आणि आता परक्यासारखं बाहेर उभं केलं. मामींनी चहा बाहेरच आणून दिला. मग बूट उलटे करून बघितले तर तळाच्या खाचांमध्ये काळा चिखल गच्च बसलेला आणि त्यात हिरवट पांढरी विष्ठा. बदकांचीच असणार, काठावर तर पाय ठेवायला जागा नव्हती इतकी ती पडलेली. मग काय बोलणार, मामांचंच बरोबर होतं.

बर्ड फ्लू म्हटलं की आपण लगेच आकाशात बघतो, की हे परदेशी पक्षी घेऊन आले. हो, पाणपक्ष्यांमध्ये हा विषाणू असतो, काही बदकं तो अंगात घेऊन फारशी आजारी न पडता लांबपर्यंत उडतात, हे खोटं नाही. पण तळ्यावरून शेडमध्ये तो आपोआप येत नाही ना, त्याला कुणीतरी आत आणावं लागतं, कधी बूट, कधी गाडीची चाकं, कधी या पोल्ट्रीतून त्या पोल्ट्रीत फिरणारे अंड्यांचे ट्रे. बाधित पक्ष्याच्या विष्ठेत तो भरपूर असतो आणि गार पाण्यात, ओल्या चिखलात बरेच दिवस टिकतो, म्हणून हिवाळ्यात जास्त भीती.

आणि कोंबड्यांचं फार वाईट होतं हो. साधा फ्लूचा विषाणू पक्ष्याच्या आतड्यात नाहीतर श्वासनलिकेतच वाढू शकतो, कारण त्याचं प्रथिन कापून त्याला चालू करणारी एन्झाइम्स तिथंच असतात, पण या जहाल प्रकाराचं प्रथिन शरीरात कुठेही कापलं जातं, म्हणजे मेंदू, काळीज, फुप्फुसं सगळीकडे तो पसरतो. तुरा निळा पडतो, डोकं सुजतं, आणि एक-दोन दिवसांत शेडच्या शेड मर्तुक.

पट्टकादंब हा माझा जीव की प्राण, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. 2005 मध्ये चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर याच एच5एन1 ने, म्हणजे बर्ड फ्लूच्या या जहाल प्रकाराने, हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंबच सगळ्यात जास्त. पण या विषाणूचा हा वंश पहिल्यांदा सापडला तो 1996 ला चीनच्याच ग्वांगडाँगमध्ये, पाळलेल्या हंसांत. म्हणजे पाळीव पक्ष्यांच्या गर्दीत वाढलेलं दुखणं रानातल्या पक्ष्यांना गेलं आणि आता गावात कुणीतरी म्हणतं फटाके लावून हाकला यांना! बिचाऱ्या पाखरांनी काय करायचं? आणि हाकलले की ते दुसऱ्या तळ्यावर जाणार, सोबत विषाणूही.

2006 चा फेब्रुवारी मामा अजून विसरले नाहीत. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरला निघाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि इकडे मामांच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नसताना माल फुकटसुद्धा कुणी घेईना. मामी आजही म्हणतात रोगापेक्षा अफवेनं मारलं. चिकन नीट शिजवलं, म्हणजे आतपर्यंत 70 अंशाच्या वर गरम झालं, की विषाणू मरतो, हे तेव्हा कोण ऐकणार होतं.

माणसाचं म्हणाल तर 1997 ला हाँगकाँगमध्ये 18 जणांना झाला, 6 गेले. 2003 पासून जगभरात नऊशेच्या वर लोकांना झालाय आणि नोंद झालेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावलेत. तरी तो माणसामाणसांत सहज पसरत नाही, कारण त्याला चिकटायला लागणारी जागा आपल्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसात खोलवर असते. पण तो थांबलेला नाही. 2024 ला अमेरिकेत दुभत्या गायींत सापडला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या नागपूरच्या गोरेवाड्यातल्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. वाघ! ती बातमी वाचून मी रात्रभर झोपले नाही. 2025 मध्ये आंध्रात दोन वर्षांची पोर गेली, तिनं कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता म्हणतात.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो लपवाछपवीचा. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून कालव्यात टाकलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात, पोतं फुटलेलं, वर कावळे बसलेले. कशाने मेल्या होत्या देव जाणे, नुसती मानमोडीही (कोंबड्यांचा राणीखेत रोग) असेल, पण तेच पाणी पुढे जातं, तेच कावळे पुढच्या गावात जातात. कळतं मला, कळवलं तर आजूबाजूच्या किलोमीटरभरातले सगळे पक्षी मारतील ही भीती असते आणि भरपाईत काही भागत नाही. तरीपण कळवा हो. पशुसंवर्धन खात्याच्या 1962 या नंबरवर फोन लावा, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, पोरांना तर अजिबात लावू देऊ नका.

माझे तळ्यावरचे बूट आता वेगळे असतात, डिकीत पिशवीत बांधून, घरी येऊन आधी ब्लीचिंगच्या पाण्यात.

परवा मामांचा फोन आला. "काय गं, आले का तुझे पाव्हणे?"

म्हटलं, आले मामा, कालच थापट्या आणि तलवार बदकं दिसली.

"बरं झालं," म्हणाले, "मग उद्याच फाटकात चुना टाकून घेतो."