तिसऱ्या निंबापासून डावीकडे

परवा भर दुपारी एक मोटरसायकलवाला आमच्या ओट्यापुढे थांबला. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, मागे बियाण्याची थैली बांधलेली. शेजारच्या गावाचा रस्ता विचारत होता. मी म्हटलं, "सरळ जा. तिसऱ्या निंबापासून डावीकडे वळा, मग चिंच लागते, तिच्यापुढं पूल." तो माझ्याकडे पाहतच राहिला. "किलोमीटर किती होईन, काका?" आता ते मला कुठून माहीत असणार? त्या रस्त्यानं मी जन्मभर जातो आहे, पण त्याचे किलोमीटर कधी मोजले नाहीत. त्यानं फोन काढून पाहिलं अन् धूळ उडवत निघून गेला. निंब त्यानं मोजले की नाही, देव जाणे.

माझं हे असंच आहे. रस्ता झाडांनी मोजायचा. वैशाखात आमच्याकडे माणूस रस्त्यानं चालत नाही, एका सावलीतून निघतो आणि दुसरीत पोचतो. मधे जे असतं ते पायांनी नव्हे, दम धरून काढायचं असतं.

ही सवय लागली ती शिदोरी पोचवण्यातून. उन्हाळी वखरणी चालू असायची आणि बाबांची भाकर शेतात न्यायचं काम माझ्याकडे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कांदा, एका हातात ताकाचा गडवा. चपला होत्या, पण त्या शाळेसाठी आणि लग्नासाठी. आजी पळसाची पानं तळव्याला लावून वर चिंधी बांधून द्यायची. ती पानं गावखरीपर्यंत टिकायची, नंतर काळ्या मातीच्या फुफाट्याशी पायांची थेट गाठ. मग पळायचं. पहिला टप्पा म्हसोबाचा निंब. दुसरा टप्पा जोडबाभळी. तिथं सावली अर्धी आणि काटे मात्र पुरे, त्यामुळे एका पायावर उभं राहून दुसऱ्यातला काटा काढायचा, ताक न सांडता. तिसरी चिंच. ती भुताची म्हणून गावात प्रसिद्ध होती, पण त्या वेळी भुताशेजारी बसायलाही आमची हरकत नसे. चिंचेखाली एवढं गार असायचं की भाकर आपणच खाऊन परत जावं असं वाटायचं. बाबा धुऱ्यावरून हाक मारायचे, "आलास का चिंचेलोक?" त्यांचंही माप तेच.

हे सगळं आठवायला कारण झाला भाचा. पुण्यात नोकरी करतो, सुटी मिळाली की डोंगर चढतो. त्याच्या नादानं आम्ही काहीजण मे महिन्यात गढवालात तुंगनाथाला गेलो. बायकोला पंचकेदारांतला एक केदार पदरात पडणार म्हणून आनंद, मला पंचेचाळीस अंशांतून सुटका होणार म्हणून. चोपता नावाच्या जागेहून फरसबंदी वाट वर जाते. खाली बुरांश, खर्सू अशी मोठमोठी झाडं, खोडांवर हातभर शेवाळ. मी आपला मोजत चाललो होतो. वर वर झाडं बुटकी होत गेली, बुरांशाच्या फांद्या जमिनीवर आडव्या लोळायला लागल्या, आणि ३३०० मीटरच्या आसपास झाडं संपली. संपली म्हणजे संपलीच. पुढं नुसतं गवत, दगड आणि वारा.

भाच्यानं समजावलं. बर्फापेक्षाही थंडी हे त्याचं कारण. वाढीच्या दिवसांत हवेचं सरासरी तापमान सहा-साडेसहा अंशांच्या खाली गेलं की झाडाला लाकूड धरता येत नाही. गवताचं, लव्हाळ्याचं बरं; ते जमिनीला चिकटून असतं, उन्हानं तापलेल्या मातीची ऊब त्याला मिळते. झाड डोकं वर काढतं आणि वाऱ्यात सापडतं. हे मला लगेच पटलं. ग्रामपंचायतीत मी हेच पाहत आलो आहे.

आपल्याकडे असं नाही. सबंध महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, ती १६४६ मीटर. आमच्या घराच्या गच्चीवरून उत्तरेला गाविलगडाचा डोंगर निळा दिसतो, त्यातलं चिखलदऱ्याजवळचं वैराट तर १२०० च्याही आत. वैराटावर मोकळं माळरान आहे, पण तिथं झाड कमी आहे ते मुरमाड जमीन, वारा, गुरं आणि वणवे यांच्यामुळे. थंडीनं तिथं कुणाला अडवलेलं नाही. पचमढीचा चौरागडसुद्धा तसाच. महाशिवरात्रीला आमच्याकडची माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन तो चढतात, आणि दम लागला की टेकायला झाड मिळतं. महादेवानं सातपुड्यात एवढी सोय ठेवली आहे.

तुंगनाथाचं दर्शन झालं आणि भाचा म्हणाला, "मामा, आता चंद्रशिला." चंद्रशिला म्हणजे वरचं शिखर. देवळाच्या वर जी धार आहे, ती धरून जायचं. धारेवर आलो आणि माझं सगळं गणितच गेलं. दोन्ही बाजूंना उतार, समोर चौखंबा ७१३८ मीटरचा, पांढराशुभ्र, आणि तो मला गावच्या पाण्याच्या टाकीएवढा जवळ वाटत होता. पुढं वाटेवर काहीतरी काळं दिसत होतं. दगड की माणूस? जवळ की दूर? शेजारी एखादी बाभूळ असती तर मी तिच्याशी ताडून लगेच सांगितलं असतं. तिथं ताडून पाहायला काहीच नाही. चालावं तर ते काळं तेवढंच राही. सोबतचा गढवाली पोरगा दर वेळी म्हणे, "बस बाबूजी, थोड़ा-सा और." हे मात्र ओळखीचं होतं. आमच्याकडेही पायी जाणाऱ्याला "हे काय, इथंच तं आहे" असंच सांगतात, आणि नंतर दोन कोस चालवतात.

(ते काळं शेवटी एक शेरडू निघालं. त्यानं आम्हाला पाहिलं आणि चरायला लागलं.)

ऊन लागू नये म्हणून बायकोनं माझ्या खिशात कांदा टाकला होता. भाचा पोट धरून हसला. पण हसणं त्याच्या अंगाशी आलं, कारण वर ऊन लागत नाही असं नाही, लागलेलं कळत नाही एवढंच. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. वारा गार, म्हणून माणूस दुपट्टा सोडून फिरतो. मी सोडला नाही. संध्याकाळी भाच्याच्या नाकाची साल निघत होती आणि कांदा आम्ही मॅगीत घातला.

वर फार वेळ थांबलो नाही. तिथून दिसतं ते सुंदरच आहे, त्यावर मी काही लिहित नाही. फोटो सगळ्यांकडे आहेत. साडेदहा झाले असतील, दरीतून ढग वर सरकू लागले आणि तो पोरगा एकदम बदलला. "थोड़ा-सा और" बंद. चला, उतरा, लवकर. त्यांचा नियमच आहे, दुपारच्या आत धार सोडायची. वीज आली तर त्या उघड्या धारेवर सर्वांत उंच वस्तू माणूसच असतो. त्याचा शब्द मला पुरता कळायला थोडा वेळ लागला. झाडापर्यंत पोचायचं, एवढंच मी आयुष्यभर शिकलो होतो. इथं झाड मीच होतो.

गावी आल्यावर हे चुलतभावाला सांगितलं. मृग जवळ आला होता. आमच्या शिवारात धुऱ्यावर एक आंबा आहे, शेंड्यापासून बुडापर्यंत चिरलेला. त्याच्याखाली दुपारच्या पावसात दोन बाया थांबल्या होत्या. एकजण घरी आली. तरी दर वर्षी पहिला शिडकावा पडला की माणसं झाडांकडेच पळतात, मीही पळालो आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं काढलेलं 'दामिनी' ॲप भाच्यानं माझ्या फोनवर टाकून दिलं, जवळपास वीज होणार असेल तर ते सांगतं. पण शेतात फोन असतो पिशवीत आणि पिशवी बाभळीला. मी भावाला म्हटलं, तिकडच्यासारखं आपणही ठरवून टाकू, पेरणीच्या दिवसांत दुपारनंतर ढग दिसले की शेत सोडायचं. सगळं काम बारापर्यंत.

त्यानं तंबाखू मळून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. "बारा वाजेलोक पेरनी आटपली असती, तं मंग काय पाह्यजे होतं दादा," म्हणाला, आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन लावू लागला.