तानपुऱ्याखालचं हमिंग

गाणं शिकायला येणाऱ्या मुलींच्या आयांचा हल्ली ठरलेला प्रश्न असतो: "ताई, तानपुऱ्याच्या अॅपसाठी कुठला ब्लूटूथ स्पीकर घेऊ?" मी आधी विचारते, घरात जुना स्टिरिओ आहे का? पुण्यात अजून कित्येक घरांत तो असतो. अॅम्प्लिफायर चालू, मोठे लाकडी स्पीकर शाबूत, फक्त टेपडेक बंद पडला म्हणून वर कापड टाकून ठेवलेला. असा स्टिरिओ असेल तर नवीन काही घेऊ नका. काळी चारचा (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) तानपुरा लावला तर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार 104 हर्ट्झच्या आसपास बोलते. तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो खर्ज नुसता कळतो, ऐकू येत नाही. आणि मुलीने सा लावायचा तो त्या खर्जात मिसळून.

जोडणी सोपी आहे. डेस्कटॉपच्या मागे तीन रंगांची छोटी सॉकेट असतात. हिरवं लाइन आउट, म्हणजे आवाज बाहेर काढायचं, आपल्याला लागतं ते हेच; निळं लाइन इन, म्हणजे आवाज आत घ्यायचं; गुलाबी माइकचं. लॅपटॉपला हेडफोनचं एकच भोक असतं, तेही चालतं. वायर घ्यायची ती एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना असलेली. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दीडशे-दोनशेत बरी वायर मिळते. घेताना छोट्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन हव्यात. तीन रेघा आणि शिवाय एक पिवळी पिन असेल तर ती व्हिडिओची वायर. ती लावली की एक बाजू गायब होते किंवा आवाज चिरका येतो, आणि लोक बिचाऱ्या स्पीकरला दोष देतात.

अॅम्प्लिफायरच्या मागे AUX, TUNER, TAPE IN यांपैकी काहीही चालेल. फक्त PHONO ला हात लावू नका. ते तबकडीच्या सुईसाठी असतं. सुईतून येतात चार-पाच मिलिव्होल्ट, कॉम्प्युटरमधून येतो जवळजवळ एक व्होल्ट. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर दाबलेले असतात, म्हणून फोनो ते परत फुगवतं. नुसता फाटका, घुमणारा गोंगाट ऐकू येईल. काही जुन्या अॅम्प्लिफायरना आरसीए नसून पाच काड्यांचं गोल डिन सॉकेट असतं. त्याचीही वायर मिळते, किंवा सोल्डरिंग करणारा कुणीही करून देतो: 3 नंबर डावा, 5 नंबर उजवा, मधला 2 नंबर ग्राउंड.

जोडताना अॅम्प्लिफायर बंद ठेवा. नंतर कॉम्प्युटरचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून कमीजास्त अॅम्प्लिफायरवर करा. उलट केलं, म्हणजे कॉम्प्युटर अगदी हळू आणि अॅम्प्लिफायर मोठा, तर सळसळही मोठी होते. ईमेलची टिंगटिंग बंद करायला विसरू नका. मोठ्या स्पीकरमधून ती आली की गाणारं माणूस दचकतं.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ घरांत जोडणी झाल्यावर मागून एक जाड, अखंड हमिंग सुरू होतं. सिनेमाची गाणी ऐकणारे त्याकडे दुर्लक्ष करतात. आम्हाला ते जमत नाही, आणि का जमत नाही ते मी शिष्यांना पेटीवर दाखवते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हमिंगमध्ये 50, 100, 150, 200 असे सगळे स्वर असतात. पेटीवर पांढरी पाच दाबा, 196 हर्ट्झ. शेजारची काळी चार, साधारण 208. हमिंगचं 200 बरोबर या दोन पट्ट्यांच्या फटीत बसतं. म्हणजे काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीच्या 'सा'च्या अगदी खाली, धड सा नाही धड नी नाही, असा एक स्वर तानपुऱ्याबरोबर सतत वाजत राहतो. दोन्ही एकत्र झाले की सेकंदाला सात-आठ हेलकावे येतात. नवख्या मुलीचा कान त्या हेलकाव्यांमागे जातो आणि सा खाली ओढला जातो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषांचं दुखणं वेगळं: त्यांच्या तानपुऱ्याखाली जवळपास तीव्र मध्यम वाजत असतो. तेही भूप आळवताना, ज्यात मध्यमच नाही!

हमिंग कुठून येतं ते शोधायला यंत्र लागत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. बॅटरीवर थांबलं तर दोष अर्थिंगच्या वळशाचा, म्हणजे जोडलेली यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला पोचून तयार झालेल्या चक्राचा (इंग्रजीत ग्राउंड लूप). माझ्याकडे जुन्या अॅम्प्लिफायरची पिन दोनच काड्यांची, तरी हमिंग यायचं. वळसा पुरा होत होता तो टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समधून. त्याचा आवाजही याच अॅम्प्लिफायरला जोडलेला, आणि गच्चीवरून येणारी केबलची जाड वायर बॉक्समध्ये. ती स्क्रू फिरवून सोडली आणि खोली एकदम स्वच्छ झाली. आता रियाझाच्या वेळी ती वायर सुटलेलीच असते.

एवढ्याने भागत नसेल तर कॉम्प्युटर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर लावा, आणि ऑडिओची वायर विजेच्या वायरींबरोबर गुंडाळून ठेवू नका. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची काडी मात्र कुणीही कापू नये. हमिंग जाईलही, पण बॉडीला करंट आला तर मुलांच्या हाताला बसेल. बाजारात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ती वायरच्या मध्ये लावायची. स्वस्तातली डबी डग्ग्याची घुमार खाते, म्हणून विकत घेण्याआधी तबल्यावर ऐकून बघा. माऊस हलवला की किरकिर वाढत असेल तर तो कॉम्प्युटरच्या पोटातला आवाज, तिथे यूएसबीचं बाहेरचं साउंड कार्ड बरं पडतं. दोन्हीकडे ऑप्टिकल सॉकेट असेल तर प्रश्नच मिटतो, कारण प्रकाशातून हमिंग जात नाही. जुन्या अॅम्प्लिफायरना मात्र ते नसतं.

गुरूंकडच्या शिकवणीच्या कॅसेट ज्यांच्याकडे आहेत आणि टेपडेक अजून चालतो, त्यांनी हीच वायर उलटी वापरावी: टेपडेकच्या LINE OUT मधून कॉम्प्युटरच्या निळ्या सॉकेटमध्ये. स्पीकरच्या टर्मिनलवरून कधीही घेऊ नका, साउंड कार्ड जळू शकतं. आणि त्या कॅसेट या पावसाळ्याआधीच उतरवून घ्या, बुरशी धरली की फीत हेडवर चिकटते.