बुगुन लायोसिक्लाच्या शोधात : लामा कॅम्पवरचे चार दिवस

अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्याला लागून, सुमारे २,३५० मीटर उंचीवर असलेल्या लामा कॅम्पवर आम्ही एप्रिलच्या अखेरीस चार दिवस राहिलो, ते केवळ बुगुन लायोसिक्लासाठी. आपल्या सातभाईच्याच कुळातला हा पक्षी आहे. काळी टोपी, डोळ्याजवळ पिवळा पट्टा आणि पंखांवर पिवळे, लाल व पांढरे ठिपके. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ डॉ. रमण आत्रेय यांनी २००६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पक्षी इतका दुर्मीळ की नमुन्यासाठी एकही मारणे त्यांना योग्य वाटले नाही. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची पिसे आणि छायाचित्रे घेऊन त्याला सोडून देण्यात आले. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो, म्हणून त्याच्या हाकेचे ध्वनिमुद्रण वाजवून त्याला जवळ बोलावू नये, ही माझी पहिली आणि आग्रहाची विनंती.

पहिले दोन दिवस धुक्यात गेले. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर रस्त्याच्या वरच्या अंगाच्या झुडपांतून बासरीसारखी, खाली उतरत जाणारी शीळ आली आणि काही क्षणांनी एक जोडी उघड्या फांदीवर दिसली. जेमतेम वीस सेकंद! चार छायाचित्रांतले एकच स्पष्ट आले, कारण गडद झुडपांमुळे कॅमेऱ्याने प्रकाश जास्त घेतला आणि पंखांवरचा पिवळा रंग फिकट पडला. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) आधीच थोडे कमी ठेवावे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवायला कचरू नये आणि झाडीत न शिरता रस्त्यावरच उभे राहावे. हा पक्षी घनदाट जंगलापेक्षा झुडपी उतारांवरच अधिक वावरतो.

गुवाहाटीहून तेजपूर, भालुकपाँग आणि टेंगामार्गे येथे पोहोचता येते. अरुणाचलच्या प्रवेशासाठी इनर लाइन परमिट लागते, ते निघण्यापूर्वीच काढून ठेवावे. येथे उजाडते फार लवकर, त्यामुळे साडेचारपर्यंत तयार असणे बरे. घाटात दरड कोसळून रस्ता अडू शकतो, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.

वाटाड्या मात्र सिंगचुंग गावचाच घ्यावा. या पक्ष्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या बुगुन समाजाने २०१७ मध्ये आपल्या जंगलातील सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र सामुदायिक राखीव म्हणून संरक्षणाखाली आणले आणि गावातील तरुण तेथे गस्त घालतात. आमच्या वाटाड्याला ती शीळ आमच्याआधी कितीतरी वेळ ऐकू आली होती. त्याने फक्त हात वर करून आम्हाला थांबवले.